बेचाळीस खाचा

राफिलाच्या हातचं चीज ज्यानं खाल्लं नाही तो स्त्रिंबा गावचा नव्हेच, असं आमच्याकडे म्हणायचे. तिची बोलणी ज्यानं खाल्ली नाहीत असा माणूस तर औषधालाही सापडला नसता. बुटकी, रुंद खांद्यांची, दुधाच्या कढईवर वाकून वाकून पाठीला बाक आलेली ही बाई भांडायला उभी राहिली की लांडग्याला न भिणारे आमचे डोंगरी कुत्रेही गाडीखाली जाऊन बसत. तिचं कौतुक करायचं तर हे आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर कुणाला वाटेल, कुणा संतिणीची गोष्ट चाललीय. संतीण वगैरे काही नव्हती ती.

पहिलं महायुद्ध संपून पंधरा-सोळा वर्षं झाली होती. राफिलाचा नवरा नीस्तोर गावचा मेंढवाडा चालवायचा. मे महिन्यात लोक आपापल्या मेंढ्या त्याच्या हवाली करत, तो त्या घेऊन कुर्मातुराच्या डोंगरावर जाई, आणि पानगळीला मेंढ्याही परत येत आणि ज्याच्या त्याच्या वाट्याचं चीजही. डोंगर दरीपलीकडच्या गावाचा. त्यांच्या पंचांना दरवर्षी भाडं मोजावं लागे. चीज बाईनं करावं आणि डोंगर पुरुषानं सांभाळावा, ही आमच्याकडची रीत. त्या वर्षी मार्चात नीस्तोर छातीच्या दुखण्यानं गेला, आणि त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणावर, सगळ्यांच्या तोंडात घास असताना, राफिलानं सांगून टाकलं की डोंगर आता ती सांभाळणार.

"अगं, डोंगर म्हणजे काय कढई आहे का ढवळायला?" ग्लिगोर म्हणाला. हा ग्लिगोर वीस वर्षं त्या डोंगरावर डोळा ठेवून होता.

"तू आधी तुझ्या घरची ढवळ," राफिला म्हणाली. "तुझ्याकडे मामालीगासुद्धा करपते. मक्याचं पीठ आणि पाणी, तेवढंही जमत नाही."

लोक हसले आणि मेंढ्या राफिलाकडे गेल्या.

आता काठीचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या काठीचंच आहे. मे महिन्यात एका ठरलेल्या दिवशी मेंढ्यांचे मालक डोंगरावर येतात. प्रत्येकजण आपल्या मेंढ्या आपल्या हातानं पिळतो. दूध लहानशा मापाच्या घागरीनं मोजायचं, आणि भरलेल्या घागरीगणिक हेझल झाडाच्या काठीवर एक आडवी खाच पाडायची. मग ती काठी खाचांसकट उभी चिरायची. एक अर्धुक मालकानं घरी न्यायचं, दुसरं वाड्यावर राहायचं. एका खाचेमागे पाच किलो चीज जुलैत आणि दहा किलो पानगळीला. पानगळीला मालक अर्धुक घेऊन येतो, दोन्ही अर्धुकं जोडून बघायची. एकाच लाकडाची असली की रेषेला रेष आणि गाठीला गाठ अशी बसतात की मध्ये केस शिरणार नाही. हिशेब मिटला की दोन्ही अर्धुकं मिळूनच चुलीत घालायची.

आणि ज्याचं अर्धुक हरवलं त्यानं? त्यानं देवळाच्या उंबऱ्यावर, डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन शपथ घ्यायची. पण आमच्याकडे शपथ कुणी घेत नाही. पोटासाठी घेतलेली शपथ खरी असली तरी घरातलं दूध आटवते, अशी समजूत आहे. तेव्हा अर्धुक गेलं की चीज गेलं. तिथं रडारड नाही. तालुक्याच्या कोर्टातसुद्धा हेच मानायचे.

त्या उन्हाळ्यात पावसानं कहर केला. गवत नुसतं पाणचट, मेंढ्यांचे खूर कुजले, दूध निम्म्यावर आलं. दूध कमी झालं म्हणून खाचा कमी होत नाहीत. ती तूट वाडा चालवणाऱ्याच्या डोक्यावर. जुलैचं चीज राफिलानं ज्याला त्याला पोचतं केलं. ऑगस्टमध्ये नदी चढली आणि गावाची खालची आळी धुऊन गेली. अकरा घरं. दिवसाउजेडी आली म्हणून माणसं वाचली, बाकी काही वाचलं नाही.

एकटी वार्वारा म्हातारी छातीइतक्या पाण्यात परत घरात शिरली होती. सत्तरी उलटलेली, विधवा, बोलायला राफिलाच्याही वरताण. देव्हाऱ्याच्या तसबिरीमागून काठीचं अर्धुक ओढून ती दातात धरून बाहेर आली. तिचा जावई किनाऱ्यावरून ओरडत होता, "अहो, गाय सोडा, गाय!" गाय वाहून गेली. म्हातारीनं मात्र काठी सोडली नाही.

सप्टेंबरअखेर चीजवाटपाचा दिवस आला. वरची आळी अर्धुकं घेऊन रांगेत उभी होती. जोडणी करायला राफिलाचा धाकटा दीर आकीम बसला होता. चाकू आणि लाकूड यांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खालच्या आळीतलं कुणी आलंच नाही. कशाला येतील? फक्त वार्वारा आली, काळा रुमाल बांधून, ताठ मानेनं, आणि तिनं आपलं अर्धुक आकीमपुढे ठेवलं.

आकीमनं ते वाड्यावरच्या अर्धुकाला लावून पाहिलं. उलटं करून पाहिलं. रेष जुळेना, गाठ जुळेना. म्हातारीच्या काठीवर बारा खाचा, वाड्यावरच्या काठीवर नऊ.

"मावशी," आकीम गमतीनं म्हणाला, "ही कुठल्या झाडाची तोडून आणलीत? सरपणातली दिसते."

त्याला तसं म्हणायचं नव्हतं, पण मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. दुसरं कुणीतरी पुटपुटलं, "बारा म्हणे! भूक लागली की खाचा वाढतात." वार्वारानं काठी उचलली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"लाकडाला लाकूड जुळल्याशिवाय मी ह्या वाड्याचा कण खाणार नाही," ती म्हणाली आणि चालायला लागली.

राफिला हे सगळं तराजूपाशी उभी राहून बघत होती. ती काठी तिनं पाहताक्षणी ओळखली होती. त्या खाचा नीस्तोरच्या हातच्या होत्या, खोल आणि उजवीकडे कललेल्या. गेल्या वर्षीची काठी. गेल्या पानगळीला नीस्तोरनं अंथरूण धरलं, वाटप कसंबसं उरकलं, काठ्या जाळायच्या राहून गेल्या. म्हातारीनं पुराच्या घाईत ह्या वर्षीची सोडून जुनी उचलली होती. एवढं एक वाक्य राफिलानं बोलायचं होतं. ती बोलली नाही. ती मनात आकडे मांडत होती.

आकडे असे होते. डोंगराचं भाडं अठरा हजार लेई, सेंट दुमित्रूच्या दिवशी, म्हणजे ऑक्टोबरअखेर, पंचांच्या टेबलावर मोजायचे. मेंढपाळांचे पगार, मीठ आणि नवऱ्याचं दिवसपाणी वजा जाता हातात आठ हजार. भाडं चुकलं की डोंगर ग्लिगोरचा. तो पैसे बांधून बसलाच होता. आणि खालच्या आळीच्या अकरा काठ्यांवर मिळून बेचाळीस खाचा, म्हणजे चारशेवीस किलो चीज, पिंपांत भरून तळघरात तयार. सिबिउ शहरातला व्यापारी शुस्टर किलोला पंचवीस लेई देत होता.

"साडेदहा हजार," आकीम त्या संध्याकाळी म्हणाला. "आठ आणि साडेदहा, साडेअठरा. वहिनी, देव एक दार लावतो तर दुसरं उघडतो. आपण कुणाचं काही ओढून घेत नाही. ते मागायला आलेच नाहीत."

"वार्वारा आली होती."

"तिची काठी खोटी निघाली."

दुसऱ्या दिवशी राफिला तालुक्याला नोटरीकडे गेली. कागदी माणसांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण त्या दिवशी तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. नोटरीनं चष्मा पुसत सांगितलं, "बाई, त्यांच्याकडे पुरावा नाही. तुम्ही काही देणं लागत नाही. ते कोर्टात गेले तर मीच त्यांना परत पाठवीन." सल्ल्याचे त्यानं तीस लेई घेतले.

बाई खुशीत घरी आली. लपवायचं कशाला? माणसाचं मन खात असलं की झोप उडते म्हणतात. राफिलाची नाही उडाली. तीन रात्री ती दगडासारखी झोपली, कारण मार्चापासून पहिल्यांदाच तिला डोंगर आपला वाटत होता. शुस्टरला निरोप गेला: गुरुवारी गाडी घेऊन या.

गुरुवारी सकाळी शुस्टरची गाडी अंगणात लागली. दोन पिंपं चढली. राफिलानं ठरवलं, ह्यांचा हिशेब आता संपला, तेव्हा काठ्यांचंही उरकून टाकावं. खुंटीवरची अकरा अर्धुकं काढून ती चुलीपाशी बसली. जाळ चांगला लागला होता. पहिलंच अर्धुक हातात आलं ते वार्वाराचं.

सवयीनं तिचा डावा हात दुसरं अर्धुक शोधायला लागला. वीस वर्षं तिनं काठ्या जाळल्या होत्या, पण कधी एकटं अर्धुक जाळलं नव्हतं. जोडीनंच जायची ती. हातात एकच काठी धरून ती नुसती बसून राहिली. नऊ खाचा. पाचवी वाकडी होती, कारण तेव्हा पाऊस चालू होता, बोटं गारठली होती आणि वार्वारा बाजूला बसून, मेंढीच्या कासेवरचा हात न थांबवता म्हणाली होती, "नीट पाड गं, म्हातारी आहे म्हणून चिंचोळी पाडू नकोस."

"आकीम," राफिलानं हाक मारली. "ह्या खाचा कुणी पाडल्या?"

"कुणी म्हणजे? तूच."

"मी. दूध कुणी मोजून घेतलं?"

"वहिनी, गाडी उभी आहे."

"मी घेतलं. दूध मी घेतलं, चीज मी केलं, खाच मी पाडली. आणि मी नोटरीला तीस लेई देऊन विचारून आले की मला हे ठाऊक आहे का!" ती उठली. "उतरव ती पिंपं."

आकीमनं हातातली मेंढपाळी काठी आपटली, टोपी आपटली. "डोंगर जाईल! दादानं रक्त ओतलं त्या डोंगरावर. तुला कळतंय का, डोंगर जाईल!"

"कळतंय रे बाबा. तुझ्याआधी कळलंय." तिनं अकराही अर्धुकं परत खुंटीला अडकवली. "जाऊ दे."

शुस्टर गाडीवरून शांतपणे बघत होता. तो म्हणाला, "बाई, कायद्यानं तुम्ही मोकळ्या आहात."

"मोकळी आहे म्हणूनच देतेय," राफिला म्हणाली. "बांधलेली असते तर कोर्टातून वाजवून घेतलं असतं त्यांनी." आणि पिंपं उतरली.

इथं गोष्ट संपायला हवी होती, नाही का? बाईनं द्यायचं ठरवलं, लोकांनी घ्यायचं आणि जेवायचं. पण आमचं गाव कसलं! पहिल्या दिवशी ती चीज घेऊन सावु चांभाराकडे गेली. पुरानंतर तो बायकापोरांसह शाळेच्या पडवीत राहत होता. चूल मांडायला तीन विटा, आणि वर पातेल्यात बटाटे.

"आक्का, माझ्याकडे अर्धुक नाही," सावु म्हणाला.

"माझ्याकडे आहे. चार खाचा. चाळीस किलो. धर."

"नको. अर्धुक नसताना घेतलं तर ती भीक होते. उद्या वरची आळी म्हणेल, राफिलानं पोसलं त्यांना."

"अरे, पोरांच्या तोंडाकडे बघ."

"बघतोय रोज," सावु म्हणाला, आणि त्यानं तोंड फिरवलं.

अकरांपैकी अकरा घरांत हेच. कुणी हात जोडले, कुणी चिडले. वार्वारा टेकडीवर देवळाजवळ मुलीकडे राहत होती. तिनं तर दारच उघडलं नाही. आतून म्हणाली, "सरपणवाल्यांना इथं काम नाही." राफिलानं दाराबाहेर उभं राहून तिला चार शिव्या घातल्या, तिनं आतून सहा परत केल्या. चीज गाडीत तसंच पडून राहिलं. डोंगरही जाणार आणि चीजही सडणार, म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं, असं झालं.

घरी येऊन राफिला अकरा अर्धुकं मांडीवर घेऊन बसली. नवीन काठी कापून उपयोग नव्हता. लाकूड जुळलं नसतं, आणि ह्या लोकांना लाकूडच हवं होतं. बऱ्याच वेळानं तिनं सावुचं अर्धुक उचललं, उभं धरलं आणि त्याच्या डोक्यावर चाकूची धार टेकवली. अर्ध्याचेच दोन करायचे. हेझलचं वाळलेलं लाकूड, बोटाच्या निम्मं जाड. चिरताना जरा हात हलला की खाचेपाशी मोडणार. चाकू दोनदा घसरला.

आकीम दारात उभा होता. आठवडाभर तो तिच्याशी बोलला नव्हता. आता तो आला, तिच्या हातातून चाकू काढून घेतला आणि खाली बसला.

"डोंगर घालवायचा तर धड तरी घालव," तो म्हणाला. "मोडशील सगळ्या."

त्यानं काठ्या वाफेवर धरल्या, मऊ केल्या, आणि एकेक चिरत गेला. तोंडानं वहिनीला, नदीला, शुस्टरला आणि मेलेल्या भावाला शिव्या चालू होत्या, पण हात देवाचा. अकराच्या अकरा चिरल्या, एकही मोडली नाही. कामट्या झाल्या नुसत्या, उजेडाला धरल्या तर आरपार दिसतील अशा, पण प्रत्येकीवर सगळ्या खाचा.

राफिला पुन्हा अकरा दारांना गेली. ह्या वेळी हातात चीज नव्हतं. प्रत्येकाला तिनं एक कामटी दिली आणि म्हणाली, "रविवारी प्रार्थनेनंतर वाड्यावर या. ज्याची जुळेल त्याला मिळेल. ज्याची जुळणार नाही त्याला मी कुत्र्यासारखं हाकलून देईन." वार्वाराची कामटी तिनं दाराच्या फटीतून आत सरकवली.

रविवारी सगळी खालची आळी आली. वरच्या आळीचेही आले, बघायला. आकीमनं कामट्या जोडल्या. रेषेला रेष, गाठीला गाठ. सावुनं चाळीस किलो चीज खांद्यावर घेतलं आणि ताठ चालत गेला. त्याला भिकारी कोण म्हणणार? जोडणी शंभर जणांनी पाहिली होती.

शेवटी वार्वारा पुढे आली. तिनं कामटी आकीमच्या हातात दिली नाही. स्वतः वाड्यावरच्या कामटीला लावून पाहिली, खाचांवरून नख फिरवत मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"मावशीनं त्या दिवशी आणलेली काठी खोटी नव्हती," राफिला मोठ्यानं म्हणाली. "गेल्या वर्षीची होती. नीस्तोरच्या हातची. मी तेव्हाच ओळखली होती आणि तोंड शिवून उभी राहिले. माझा डोंगर जाईल म्हणून मी तुम्हांला हिला चोर म्हणू दिलं. चोर शोधायचा असेल तर इकडे बघा."

कुणी इकडेही बघेना आणि तिकडेही. वार्वारानं दोन्ही कामट्या राफिलापुढे ठेवल्या.

"नव्वद किलो," ती म्हणाली. "मोजून दे. आणि पिंपाचं वजन वजा कर."

सेंट दुमित्रूच्या दिवशी राफिला आठ हजार लेई रुमालात बांधून दरीपलीकडे गेली. पंचांनी ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि वाईट त्यांना खरोखरच वाटलं असावं. पण भाडं अठरा हजार होतं आणि ग्लिगोर मागच्या बाकावर अठरा हजार घेऊन बसला होता. डोंगर त्याच्या नावावर झाला. परत येताना राफिला आकीमशी बाजारभावाबद्दल बोलत होती. घरी आली, मेंढ्यांना चारा घातला, आणि खुंटीवरचा नीस्तोरचा डोंगरातला झगा उतरवून पेटीत ठेवला. हिवाळा तिनं लोकर कातून काढला. गावानं काही तिच्या दारात धान्याच्या गोण्या आणून ओतल्या नाहीत. लोकांकडे होतं काय ओतायला?

एप्रिलमध्ये ग्लिगोर दारात आला. टोपी हातात.

"राफिला, मी डोंगर घेतला."

"ऐकलंय."

"तीनशे मेंढ्यांशिवाय भाडं सुटत नाही. सत्तर आल्यात. बाकीचे म्हणतात, राफिला कुठं जाते ते बघू." तो कपाळ पुसत होता. "डोंगर आहे, गवत आहे. मेंढ्या कुठून आणू?"

"मग तूच चर," राफिला म्हणाली.

दोन घटका तिनं त्याला उभं ठेवलं. मग आत बसवलं, त्सुइकाचा, म्हणजे आलुबुखारच्या दारूचा, पेला पुढे केला आणि अटी सांगितल्या: निम्मी भागी, चीजघर तिचं, मेंढपाळांवर आकीम, आणि काठ्यांना तिच्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही. ग्लिगोर शेवटच्या अटीवर अडला. भाडं त्याचं, डोंगर त्याच्या नावावर, काठ्याही तिच्याच हातात कशा? वाद होऊन असं ठरलं की काठ्या ग्लिगोर चिरेल, सगळ्यांसमोर, आणि दोघांच्या वतीनं वाड्यावर ठेवेल. राफिलाला ते झोंबलं, पण डोंगरावर जायला मिळत होतं, तिनं मान हलवली.

मे महिन्यात मोजणीचा दिवस उजाडला. स्वच्छ ऊन होतं, तीनशेवर मेंढ्या कुंपणात ओरडत होत्या. राफिला घागरीपाशी बसून दूध मोजत होती, ग्लिगोर खाचा पाडत होता. पहिला नंबर सावु चांभाराचा. पाच खाचा. ग्लिगोरनं काठी चिरली, एक अर्धुक सावुला दिलं. सावु दोन पावलं गेला, परत फिरला आणि ते अर्धुक राफिलाच्या ओच्यात टाकलं.

"माझं घर नदीकाठी आहे, आक्का," तो म्हणाला. "तुझ्याकडेच राहू दे."

त्याच्यामागून शिंप्याची विधवा आली, मग गाडीवान, मग त्याचा भाऊ. खालच्या आळीचं एकेक माणूस अर्धुक घेई आणि राफिलाच्या ओच्यात टाकून पुढे जाई. "नदीकाठी घर आहे." "पुराचा काय भरवसा." ग्लिगोर चाकू धरून बघतच राहिला.

"अरे, असं कसं चालेल? दोन्ही अर्धुकं वाड्यावरच!" तो म्हणाला. "मग पुरावा कसला? उद्या तिनं म्हटलं काहीच घेतलं नाही, तर?"

वार्वारा पुढे आली होती. तिनं आपल्या सहा मेंढ्या स्वतः पिळल्या, खाचा मोजून घेतल्या, अर्धुक उलटसुलट करून पाहिलं आणि राफिलाच्या ओच्यात ठेवलं.

"माझंही घर नदीकाठी आहे," ती म्हणाली.

"मावशी, तुम्ही तर टेकडीवर राहता," ग्लिगोर म्हणाला. "देवळापाशी. तिथं नोहाच्या वेळेलासुद्धा पाणी आलं नसेल."

"तुला कुणी विचारलं?" वार्वारा म्हणाली.

नवऱ्याच्या मातीला राफिला रडली नव्हती, पंचांपुढे रडली नव्हती. आता ती ओचा दोन्ही हातांनी घट्ट धरून, तीनशे मेंढ्या आणि अख्ख्या गावासमोर, लहान पोरीसारखी मोठ्यानं रडायला लागली. आकीमला काय करावं कळेना. तो कुत्र्यांवर खेकसला.

"पुरे आता," वार्वारानं दरडावलं. "मागं वरच्या आळीची माणसं खोळंबलीत. रडायचं ते संध्याकाळी रड."

राफिलानं कोपरानं नाक पुसलं आणि घागर पुढे ओढली. रांग सरकली. त्या दिवशी वरच्या आळीतली घरंसुद्धा एकूण एक नदीकाठीच निघाली.